अठरा हवेतच, पण बरोबरीच्या पोरांना तुरुंग नको

संमतिवयावरून या देशात सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते पुण्यात. १८९१ सालचा तो वाद आपण शाळेत 'टिळक विरुद्ध सुधारक' एवढ्या एका ओळीत शिकतो आणि तिथेच सोडून देतो. प्रश्न मात्र संपलेला नाही. शिवाजीनगरच्या न्यायालयात पोक्सोचे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्याचे, खटले रोज उभे राहतात आणि त्यातल्या कित्येकांच्या मुळाशी तोच प्रश्न असतो. मुलीच्या होकाराला कायद्याने कुठल्या वयापासून किंमत द्यायची? आणि ते वय ठरवताना आपण नेमकं कुणाला कुणापासून वाचवतोय?

माझं मत आधीच सांगून टाकते. अठराची मर्यादा प्रौढांसाठी आहे तशीच राहावी, एका दिवसानेही खाली येऊ नये. पण दोघंही सोळाच्या पुढची असतील, त्यांच्या वयात तीन वर्षांहून जास्त अंतर नसेल, जबरदस्ती, फसवणूक, पैसा किंवा अधिकार यांपैकी काही मध्ये नसेल, तर त्या संबंधाला बलात्कार म्हणू नये. आणि ही गोष्ट कायद्याच्या कलमातच लिहिलेली असावी, कुणाच्या मर्जीवर सोडलेली नसावी.

आता थोडं मागे जाऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे वय होतं दहा. लग्नातही दहा, लग्नाबाहेरही दहा. १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने रक्तस्राव होऊन मेली. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा होता. त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच शकला नाही, कारण मुलीने दहावं वर्ष ओलांडलं होतं. जिवाला धोका होईल अशा कृत्याने गंभीर इजा केली, एवढ्यावर त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. समाजसुधारक बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होतेच. फुलमणीच्या मरणाने सरकारला हलवलं. जानेवारी १८९१ मध्ये विधेयक आलं आणि १९ मार्चला संमत झालं. दहाचे बारा झाले. या दोन वर्षांसाठी पुणं पेटलं होतं.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथ काढून दाखवलं की पहिल्या ऋतुप्राप्तीलाच गर्भाधान (पती-पत्नीच्या पहिल्या समागमाचा संस्कार) केलं पाहिजे असं शास्त्राचं बंधन नाही. टिळकांनी त्यांचं खंडन केलं. आगरकरांचा 'सुधारक' कायद्याच्या बाजूने उभा राहिला, 'केसरी' विरोधात. टिळकांना बालविवाह प्रिय होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही असं बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावं, असं त्यांनीच सुचवलं होतं. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घेऊन शिरू नये, ही त्यांची भूमिका. गुलामीत असलेल्या देशात त्या भूमिकेला वजन होतं, हे मला मान्य आहे. पण त्या सगळ्या रणधुमाळीत दहा वर्षांच्या मुलीच्या शरीराचं काय होतं, हा मुद्दा मागे पडला. शास्त्र, राष्ट्र, सरकार, समाजाचा स्वाभिमान, सगळ्यांवर रकाने भरले. मुलींच्या जखमा ज्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या अशा पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज पाठवला होता. त्याची चर्चा आपल्याकडे आजही क्वचितच होते.

रखमाबाईंचं उदाहरण त्याच्या आधीचं. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न मोठेपणी त्यांनी मानलं नाही. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करेन. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. मला या प्रकरणातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा महत्त्वाची वाटते. संमतीच्या प्रश्नावर प्रत्यक्ष बाई बोलली तेव्हा तिचं बोलणं नकाराचं होतं, आणि तो नकार ऐकायला कायद्याकडे जागा नव्हती.

पुढचा प्रवास सावकाश झाला. १९२५ मध्ये लग्नाबाहेर चौदा, लग्नात तेरा. १९२८ मध्ये सर मोरोपंत जोशींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. देशभर फिरून तिने पाहिलं तर असा काही कायदा आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. १९२९ चा शारदा कायदा आला, मुलीचं लग्नाचं वय चौदा झालं. १९४० च्या दशकात संमतिवय सोळा झालं आणि लग्नात पंधरा. १९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालं, तरी बायको पंधराची असेल तर नवऱ्याला दंड संहितेची सूट होतीच. ही सूट सर्वोच्च न्यायालयाने काढली ती ११ ऑक्टोबर २०१७ ला. फुलमणीनंतर सव्वाशे वर्षांनी. लग्न लावलं की मुलीच्या वयाचा प्रश्नच मिटतो, असं आपण इतकी वर्षं मानत आलो.

बाहेरच्या देशांचं उदाहरण आपल्याकडे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. एक बाजू सांगते, जर्मनीत चौदा आहे, इंग्लंडमध्ये सोळा आहे, आपणच मागासलेले. दुसरी म्हणते, त्यांचं त्यांना लखलाभ, आमची संस्कृती वेगळी. दोघांनाही तिथले कायदे पुरते वाचायचे नसतात. त्या देशांचा स्वतःचा इतिहासही फार उजळ नाही. इंग्लंडमध्ये १८७५ पर्यंत हे वय बारा होतं, मग तेरा झालं. लंडनमध्ये कोवळ्या मुली विकत मिळतात हे डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने वर्तमानपत्रात छापल्यावर १८८५ मध्ये ते सोळा झालं. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात १८८० च्या दशकात ते सात होतं. सात! आजही त्या देशात कॅलिफोर्नियात अठरा, न्यूयॉर्कमध्ये सतरा, जॉर्जियात सोळा असा राज्याराज्यांत फरक आहे.

पण गेल्या वीस वर्षांतले बदल शेजारी शेजारी ठेवून बघा. कॅनडाने २००८ मध्ये चौदाचे सोळा केले आणि त्याच वेळी चौदा-पंधराच्या मुलांसाठी पाच वर्षांच्या अंतराची मुभा ठेवली. फ्रान्सने २०२१ मध्ये पंधराची रेघ ओढली, तिथेही पाच वर्षांच्या अंतराचा विचार आहे. फिलिपिन्समध्ये २०२२ पर्यंत हे वय बारा होतं. ते सोळा केलं आणि तीन वर्षांच्या अंतराची अट लिहिली. जपानने १९०७ पासूनचं तेरा २०२३ मध्ये सोळावर नेलं. तेरा ते पंधराच्या मुलांच्या बाबतीत समोरचा पाच किंवा अधिक वर्षांनी मोठा असेल तर गुन्हा, अशी तरतूद केली. जर्मनीत चौदा असलं तरी पैसे देऊन किंवा मुलाच्या अडचणीचा फायदा घेऊन ठेवलेल्या संबंधांपासून अठरापर्यंत वेगळं संरक्षण आहे. इंग्लंडमध्ये सोळा असलं तरी शिक्षकाला अठराच्या आतल्या विद्यार्थ्याशी संबंध ठेवता येत नाही. २०२२ मध्ये त्यात खेळाचे प्रशिक्षक आणि धर्मगुरूही आले.

म्हणजे जवळपास सगळीकडे वय वर गेलंय, आणि वय वर नेताना कायदा करणाऱ्यांनी एक फरक जाणून बुजून केलाय. सोळा वर्षांच्या मुलीचा सतरा वर्षांचा मित्र आणि तिचा पस्तीस वर्षांचा क्लासचालक यांना एका मापाने मोजायचं नाही. आपण २०१२ मध्ये सोळाचे अठरा केले आणि हा फरक करायचं टाळलं. पोक्सोच्या मूळ विधेयकात सोळा ते अठरा वयोगटासाठी संमतीचा विचार होता. संसदेच्या स्थायी समितीने तो काढायला सांगितलं. मार्च २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुन्हा सोळाची तयारी दाखवली, सर्वपक्षीय बैठकीत ती मागे पडली. अंतराची अट घालून मधला मार्ग काढता आला असता. तो काढला गेला नाही.

त्याचा परिणाम शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात बघायला मिळतो. कुटुंब समुपदेशनाच्या कामामुळे माझं तिथे जाणं-येणं असतं. ओळख लागेल असं काही लिहीत नाही, तसं लिहिणं गुन्हाही आहे. एक मुलगी साक्षीसाठी आली होती. कडेवर वर्ष-सव्वा वर्षाचं मूल. आता ती वीस वर्षांची. प्रकरण घडलं तेव्हा सतरा पूर्ण होती आणि मुलगा एकोणीसचा. दोघं पळून गेली, बापाने फिर्याद दिली, मुलगा सात महिने येरवड्याला राहून जामिनावर सुटला आणि मुलगी अठराची झाल्या झाल्या दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. खटला चालूच. आरोपी आणि पीडित एकाच स्कूटरवरून कोर्टात आलेले. आत जाताना तिने मूल त्याच्याकडे दिलं, बाटली कुठल्या पिशवीत आहे ते सांगितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, मी म्हटलं मी माझ्या मर्जीने गेले होते. तर सरकारी वकील म्हणाले, ही फितूर झाली." तिच्या मर्जीचा तिने केलेला उच्चार कायद्याच्या दृष्टीने फितुरी ठरला. यात सरकारी वकिलांचा दोष नाही, कायदाच तसा आहे.

पुढे काय होऊ शकतं तेही सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोत सोळाच्या पुढच्या मुलीशी शरीरसंबंधाच्या साध्या गुन्ह्यालाही किमान दहा वर्षं शिक्षा आहे. मुलीला दिवस गेले तर गुन्हा अधिक गंभीर कलमात जातो आणि किमान शिक्षा वीस वर्षं. न्यायाधीशांना त्याखाली येता येत नाही. म्हणून अनेक न्यायाधीश साक्षीपुराव्यातल्या फटी शोधून मुलांना सोडतात. 'एनफोल्ड' या बंगळुरूच्या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल तपासले. त्यातले १,७१५, म्हणजे जवळपास चारातला एक, प्रेमसंबंधांतून आलेले होते. त्यांपैकी ९३.८ टक्के प्रकरणांत आरोपी सुटले. फिर्यादी बहुतेक वेळा मुलीचे आईवडील किंवा नातेवाईक. हे आकडे वाचून कुणी म्हणेल, सुटतातच ना, मग काळजी कशाला? सुटेपर्यंत मुलगा तुरुंगात गेलेला असतो, कॉलेज सुटलेलं असतं, बापाने वकिलासाठी जमीन गहाण टाकलेली असते. मुलगी बालगृहात महिनोन् महिने काढते, तिची वैद्यकीय तपासणी होते, जबाब होतो, मग पुन्हा जबाब होतो. निकालाच्या आधीच सगळी शिक्षा भोगून झालेली असते.

आणि या फिर्यादी कुठल्या घरांतून येतात, हेही उघड बोललं पाहिजे. मुलगा परजातीचा किंवा परधर्माचा असेल तर पोलीस ठाण्याची पायरी फार लवकर चढली जाते. जातीतल्याच मुलाबरोबर पोरगी गेली तर दोन्हीकडची मंडळी बसून तारीख काढतात, मग तिचं वय कुणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २०-२४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. त्या लग्नांतही कायद्याने गुन्हाच घडतो. तिथे तक्रार करणारा बाप नसतो, कारण लग्न लावणारा तोच असतो. मुलीच्या संरक्षणासाठी केलेला कायदा बापाच्या परवानगीचा पहारेकरी होऊन बसलाय. १८९१ मध्ये समाजाची इज्जत मध्ये आली, आज घराण्याची येते.

हडपसरकडच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीचा अनुभव वेगळा आणि जास्त भीतीदायक आहे. अठराच्या आतली मुलगी दिवस राहिलेल्या अवस्थेत आली की पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीच्या संबंधातून आलेल्या अशा मुलीचं नाव डॉक्टरांनी उघड करायची गरज नाही. पण पोलीस ठाण्यात हे सांगायला गेलं की नावच आधी विचारतात, असं ती म्हणते. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करावी लागेल असा शब्द काढताच मुलीच्या आईने तिचा दंड धरला आणि दोघी उठून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. कुठे गेल्या असतील याची कल्पना कुठल्याही डॉक्टरला असते. अर्धवट गोळ्या, झोलाछाप दवाखाना, आणि मग अतिरक्तस्राव.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. ते मी हलकं मानत नाही. संमतिवय अठराचं सोळा करावं, म्हणजे सोळा ते अठरामधल्या मुलांचे आपसातले संमतीचे संबंध गुन्हा ठरू नयेत, असं ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलं. केंद्र सरकारने विरोध केला. सगळ्यांसाठी सरसकट सोळा करायला माझाही विरोध आहे. सोळाच्या मुलीला मोबाइलवर महिनोन् महिने गोड बोलून जाळ्यात ओढणारा तिशीचा पुरुष मी पाहिलाय. ती मुलगी त्याच्यावर प्रेम आहे असंच सांगते, अगदी मनापासून सांगते. कोचिंग क्लासमधला सर, कीर्तनकार, मावशीचा दीर, गावाकडून आणून कामाला ठेवणारा मालक, यांच्यापुढे सोळा-सतराच्या मुलीचा 'हो' किती मोकळा असतो? वय सोळावर आणलं तर अशा प्रत्येक खटल्यात बचावाचा वकील मुलीची संमती सिद्ध करायला उभा राहील आणि उलटतपासणीत तिच्या चारित्र्याची चिरफाड होईल. मानवी तस्करी करणाऱ्यांना तर मोकळं रानच मिळेल. म्हणून प्रौढांसाठी अठरा राहिलेच पाहिजेत, आणि अधिकाराच्या नात्यात वयातलं अंतर कितीही कमी असलं तरी सूट नको.

पण हा सगळा युक्तिवाद मोठ्या माणसांविरुद्ध आहे. सतरा आणि एकोणीसच्या जोडीला तो लागू पडत नाही. त्या जोडीतल्या मुलाला आत टाकून क्लासचा सर जास्त पकडला जातो का? उलट विशेष न्यायालयांचा, पोलिसांचा, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा जो वेळ या जोडप्यांवर जातो तो आठ वर्षांच्या लेकराच्या खटल्याला मिळत नाही. आणि त्या लेकराचा खटला लांबतो तेव्हा खरोखरचा गुन्हेगार सुटायची शक्यता वाढते.

विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये, २८३ व्या अहवालात, वय कमी करू नये असं सांगितलं. इथवर ठीक. पण सोळा ते अठराच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षा कमी करायचा विवेकाधिकार द्यावा, असा मार्ग सुचवला. मला तो अपुरा वाटतो. शिक्षा कमी करायची वेळ येते ती दोषी ठरल्यावर. तोवर अटक झाली, तुरुंग झाला, आणि बलात्कारी हा शिक्का जन्मभर राहिला, नोकरीच्या पडताळणीतही राहिला. शिवाय एका न्यायालयात सहृदय न्यायाधीश, शेजारच्या दालनात कडक, असं नशिबावर किती पोरांना सोडायचं? मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये एका निकालात इतर देशांची संमतिवयं मांडून संसदेने याकडे लक्ष द्यावं असं सुचवलं. न्यायालयांनी सुचवायचं आणि संसदेने ऐकून घ्यायचं, हे आता पुरे झालं.

आपल्या शहरासमोर एक विसंगती अलीकडेच उभी राहिली होती. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जिवांचा बळी गेला, तेव्हा साऱ्या पुण्याने मागणी केली की त्याला प्रौढ समजून खटला चालवा. तो संताप मी समजू शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळाच्या पुढच्या मुलांसाठी, अतिशय गंभीर गुन्ह्यांत, तशी सोय आहेही. पण तीच सोय पोक्सोलाही लागू होते, कारण तिथली किमान शिक्षा दहा वर्षांची. म्हणजे सतराचा मुलगा आणि सतराची मुलगी प्रेमात पडली, तर मुलगा शिक्षेसाठी प्रौढ ठरू शकतो आणि मुलगी संमती देण्यासाठी बालक. एकाच वयाची, एकाच वर्गातली दोन मुलं. हे कुठल्याही न्यायाच्या कल्पनेत बसत नाही.

कायदा दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल, असं म्हणून महाराष्ट्राने हात झटकायचं कारण नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. याच राज्याने स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांची शिक्षा अधिक कडक करणारं शक्ती विधेयक विधिमंडळात एकमताने मंजूर करून पाठवलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही ही गोष्ट वेगळी, पण विधिमंडळाला असं पाऊल उचलता येतं हे त्यातून दिसलं. सोळा ते अठरा वयोगट, तीन वर्षांचं अंतर, अधिकाराच्या नात्याला आणि जबरदस्तीला अपवाद नाही, अशी चार ओळींची दुरुस्ती पुण्याच्या आमदारांपैकी कुणीही अशासकीय विधेयक म्हणून मांडू शकतं. त्यासोबत डॉक्टरांच्या कळवण्याच्या सक्तीतून ही मुलं वगळावीत. आणि दुरुस्ती होईपर्यंत गृहखात्याने पोलीस ठाण्यांना एवढं तरी लेखी कळवावं की वयात तीन वर्षांच्या आतलं अंतर असेल आणि मुलीची स्वतःची तक्रार नसेल तर अटक करण्याआधी तिचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने, आईवडिलांना बाहेर बसवून, नीट लिहून घ्यावं. यासाठी कुठल्याही विधेयकाची, कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.